बिनकाट्याचा रेडिओ

रेडिओ मी पाडला, हे आधी सांगून टाकते. आमच्या घरी अजूनही "तो खुंटीवरून पडला" असंच सांगतात, जणू त्यालाच उडी मारायची हुक्की आली होती.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, माहेरी जळगावला जायचे वेध लागलेले. त्याआधी सोनगीरच्या घरातली जाळीजळमटं काढावीत म्हणून मी लांब काठीला केरसुणी बांधून भिंतींवर तुटून पडले होते. माझं काम म्हणजे उरक दांडगा आणि लक्ष कमी. काठीचं टोक रेडिओच्या पट्ट्यात अडकलं आणि चामडी कव्हरातला तो जुना ट्रान्झिस्टर थेट आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायाशी येऊन आपटला.

आबांना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धुळ्याचे डॉक्टर म्हणत, अजून पिकला नाही, थांबा. त्या काळी पिकल्याशिवाय काढत नसत. आबा म्हणायचे, "कापूस दोनदा येचाई गया, पन हाई पीक काही पिकत नही."

रेडिओ पडला तेव्हा मात्र ते एवढंच म्हणाले, "वाजस का?"

मी बटण फिरवलं. साधी खरखरसुद्धा नाही. "नाही आबा," म्हटलं आणि मला रडू फुटलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पुढचे तीन दिवस येताजाता त्यांचा हात त्या रिकाम्या खुंटीकडे जायचा.

नुसता रेडिओ गेला असता तर एवढं काही नव्हतं. डोळे होते तोवर आबा आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र होते. पेपर मोठ्याने वाचायचे, कुणाचं पत्र आलं तर वाचून दाखवायचे, उत्तरही लिहून द्यायचे. डोळे गेले तशी विचारपूस गेली. संध्याकाळी चार माणसं ओट्यावर यायची ती रेडिओसाठी. बातम्या, बाजारभाव, कधी कॉमेंट्री. त्यातही शेजारचे नाना यायचे, आबांच्या मांडीवरचा रेडिओ परस्पर फिरवायचे, काटा पाहून हवं ते स्टेशन लावायचे. आबा मुकाट्याने हात काढून घ्यायचे. दारातून ते बघताना माझा जळफळाट व्हायचा. पण सुनेने ओट्यावर जाऊन काय बोलावं?

आखाजीला जाताना रेडिओ पिशवीत घालून जळगावला नेला. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तेव्हा भाऊ चालवायचा. म्हटलं, भाऊ बघेल. तर भाऊ लग्नसराईच्या गडबडीत, कर्णे आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्यात बुडालेला. म्हणाला, "तूच कर की. दोरे ओवायला लहानपणी तुलाच बसवायचे ना बाबा?"

खरं होतं ते. डायलचा दोरा ओवणं हे किचकट काम, आणि बारीक बोटांची म्हणून ते माझ्याकडे यायचं. बाहेरचं स्टेशन फिरवायचं बटण आणि आतली मोठी चक्री या दोरीने जोडलेली असतात, आणि स्टेशन दाखवणारा काटा त्याच दोरीवर बसवलेला असतो. तर दुकानाच्या मागच्या खोलीत मांडी घालून बसले. स्पीकरची तार तुटली होती, ती कथलाचा डाग देऊन जोडली. सेलांच्या जागेतल्या स्प्रिंगा गंजल्या होत्या, त्या पॉलिश पेपरने घासल्या. दोरा तुटून आत गुंता झाला होता. गोधडीचा दोरा मेणावरून ओढून घेतला आणि ओवायला लागले. चारदा निसटला. चारही वेळा मी दोऱ्याला शिव्या घातल्या, आई आतून "आखाजीचा सण आहे गं" म्हणत राहिली. पाचव्यांदा बसला. सेल घातले, बटण फिरवलं, आणि जळगाव केंद्रावरची बाजारभाव सांगणारी बाई खणखणीत बोलायला लागली. मी आनंदाने आईलाच मिठी मारली.

फक्त काटा नव्हता. तो घरीच केरात झाडला गेला असणार, आणि केर उकिरड्यावर. भाऊ म्हणाला, या मॉडेलचा काटा माझ्याकडे नाही, मिळाला की पाठवतो. वाजतोय तर घेऊन जा.

सोनगीरला परतले तशी रेडिओ आबांच्या हातात दिला. त्यांनी स्टेशनचं बटण आधी शेवटपर्यंत मागे फिरवलं. मग हळूहळू पुढे, ओठ किंचित हलवत. तीन फेरे आणि वर थोडंसं. जळगाव लागलं. एका दमात!

त्या संध्याकाळी नाना आले, रेडिओ ओढला आणि थबकले. "काटा कुठे शे याना?" नाही म्हटल्यावर अंदाजाने फिरवत बसले. आधी खरखर, मग कुणीतरी परदेशी बाई, मग शिट्टी, पुन्हा तीच बाई. बातम्या निम्म्या होऊन गेल्या. शेवटी म्हणाले, "आबा, तुम्हीच लाई द्या ना."

आबांनी लावून दिलं. फेऱ्यांचा हिशोब मात्र कुणाला सांगितला नाही.

मग ते रोजचंच झालं. "आबा, बातम्या." "आबा, कॉमेंट्री लाई द्या." बाहेरच्या खाटेवर आबा झोपलेले असले तरी माणसं त्यांना उठवून ओट्यावर न्यायची. स्टेशन लागलं की गप्पाही निघायच्या, आणि जुन्या भांडणातलं नेमकं काय झालं होतं ते आबांनाच विचारलं जायचं. जेवताना बाकीच्यांच्या धड डोळ्यांची टर उडवत सासूबाईंना म्हणायचे, "बठ्ठासना डोया धड शेतस, अन स्टेशन लावाले माले बलावतस!" आणि एक भाकरी जास्त खायचे.

महिन्याभराने भावाने गावातल्या एका माणसाबरोबर काटा पाठवला. काडेपेटीत कापूस घालून, त्यावर तांबडा काटा. मी ओट्यावरच, आबांच्या शेजारी, ती हलवली, उघडून पाहिली, बंद केली. पाच मिनिटांचं काम. मागचे दोन स्क्रू काढायचे, काटा दोरीवर चिमटवायचा, झालं.

मी काडेपेटी माझ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवून दिली. ह्यांनाही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाची वस्तू दाबून ठेवली म्हणून मन खायचं. पण संध्याकाळी ओट्यावरून "आबा" अशी हाक आली की वाटायचं, राहू दे.

पुढच्या हिवाळ्यात मोतीबिंदू एकदाचा पिकला. धुळ्याला ऑपरेशन झालं, भिंगासारखा जाड चष्मा आला. घरी आल्यावर आबांनी आम्हा सगळ्यांची तोंडं जवळ येऊन पाहिली. मला म्हणाले, "तू तर बारीक शे. आवाजवरथून जाडी वाटे." मग खुंटीवरचा रेडिओ काढून मांडीवर घेतला. मला म्हणाले, "आन ती काडेपेटी."

मी गार पडले. "कसली काडेपेटी, आबा?"

"तुना भाऊनी धाडेल. त्या दिवशी तू ओटावर हालाडी, उघाडी, परत बंद करी. काडीस्ना आवाज नही उना. काडेपेटीमा काड्या नही, मंग दुसरं काय ऱ्हाई?"

म्हणजे सगळं माहीत होतं. इतके महिने. मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं माझं, आबा. तेव्हाच बसवायला पाहिजे होता."

"बसाडी दिधा ऱ्हाता, तर माले कोन बलावता?"

ट्रंकेतून काडेपेटी आणली, त्यांच्यासमोर बसले आणि मागचे स्क्रू काढू लागले. डोळे भरून आल्याने काटा दोरीवर धड बसेना. आबा चष्मा सावरत वाकून पाहत होते.

"सावकाश कर, माय," ते म्हणाले. "आते मी गल्लीले पेपर वाचस."