पंचमीचा मुराळी आणि हातातला क्लच

माझ्या गाडीचा क्लच पायात नाही, हातात आहे. डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळला, म्हणून लातूरच्या आमच्या गॅरेजवाल्या चाचांकडून पायातला क्लच काढून घेतला आणि गिअरच्या दांड्यालाच मोटारसायकलसारखा खटका बसवून घेतला. खटका दाबायचा, गिअर टाकायचा, खटका सोडायचा. मला सवयीनं जमतं. बाकी कुणाच्या बापाला जमत नाही. नवऱ्यानं एकदा हौसेनं चालवायला घेतली आणि गल्लीच्या तोंडालाच बंद पाडली. हात खटक्यावर, आणि डावा पाय आपला रिकाम्या जागेत क्लच शोधत राहिलेला. मी पोट धरून हसले.

पण गाडी आता थकली. वायर तुटते. वायर बदलली की खटका सैल होतो, खटका आवळला की गिअर अडकतो. चाचा मला बघितलं की आधी चहा सांगतात, मग बॉनेट उघडतात.

शेवटी नवरा म्हणाला, "आता बास कर. ऑटोमॅटिक घेऊ. तिला क्लचच नसतो. तुझा उजवा पाय धडधाकट हाय, अजून काय पाहिजे?"

बोलणं सोळा आणे खरं होतं. राग यायचं काही कारण नव्हतं, तरी आला. का, ते तेव्हा मलाच कळलं नाही.

नवऱ्याला पसंत पडलेली गाडी नांदेडला बघायला मिळणार होती, म्हणून तिकडं गेलो. शोरूममधल्या माणसानं किल्ली सरळ नवऱ्याच्या हातात दिली आणि माझ्यासाठी डावीकडचं दार उघडून अदबीनं उभा राहिला. मीही मुकाट्यानं बसले. तो मागं बसला. विष्णुपुरीच्या रस्त्याला लागलो तर नवऱ्याचा चेहरा नुसता फुललेला.

"बघ, किती सोपी हाय. आता घरातलं कुणीबी चालवील. पंचमीला जळकोटला तुझ्या बहिणीला आणायला तुझा भाऊच जाईल ही घेऊन. तुला कशाला हेलपाटा?"

झालं, माझं डोकंच फिरलं.

नागपंचमीला सासरी असलेल्या बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो. त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आमच्या भावाला नेमकं तेव्हाच काहीतरी काम निघायचं आणि बहीण तिकडं दाराकडं डोळे लावून बसायची. मला गाडी आली त्या वर्षी मीच गेले. जळकोटला गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, "औंदा मुराळी साडी नेसून आलाय की." बहिणीची सासू मात्र तांब्या घेऊन बाहेर आली आणि आलेल्या मुराळ्याच्या पायावर घालतात तसं माझ्या पायांवर पाणी घातलं. दोन्ही पायांवर. वाळक्या पायावर जरा जास्तच, हातानं चोळून. लग्नाकार्यात लोक त्या पायावरून नजर काढून घेतात. मला रडूच आलं. लहानपणापासून मला सगळ्यांनी नेलं. उचलून नेलं, धरून नेलं, सायकलवर मागं बसवून नेलं. मी कुणाला न्यायला गेले ती तिथंच, पहिल्यांदा.

हे सगळं मी नवऱ्याला त्या चकाचक गाडीत ऐकवलं, चांगला आवाज चढवून. "ही आली की सगळे हिच्यावर हात साफ करणार, अन् मला परत इकडं डावीकडं बसवून नेणार. मला न्हाई पाहिजे ही गाडी." शोरूमचा माणूस खिडकीतून बाहेर असा बघत होता, जणू गोदावरी त्यानं आजच पाहिली.

नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली.

"बरं. जुनीच नीट करून घेऊ," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "पंचमीला मी येऊ का जळकोटला?"

"या की," मी म्हणलं. "पण मागं बसावं लागल. पुढं माझी बहीण बसती."