बोट ठेवून वाचणारी

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझं बोट दिसत होतं. भेगाळलेलं, नखात धूळ. खोक्यावरच्या एकेका अक्षरावरून ते सरकत होतं आणि माझंच पुटपुटणं ऐकू येत होतं. की... ट... क... सगळं गोदाम हसत होतं. माझ्या शेजारी डबा खाणारी शोभाताईही हसली.

"बाई, तुझे फक्त हात लागतात आम्हाला. डोकं घरी ठेवून येत जा," साहेब म्हणाले. पुण्याहून आलेले, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे.

नांदुऱ्याजवळच्या या गोदामातून बियाणं आणि फवारणीची औषधं गावोगावच्या दुकानांत जातात. मी चौथी शिकले. बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही, पण वाचल्याशिवाय मी कधी खोकं उचललं नव्हतं. मग कंपनीचे चष्मे आले, कामावर सगळ्यांनी घालायचे. काचेत हिरवा बाण दिसतो, त्याच्यामागे जायचं. रॅकवरच्या पट्टीकडे बघितलं की बरोबरची खूण येते. उचलायचं, पुढे जायचं. आपण जे बघतो, बोलतो ते सगळं चष्मा टिपून ठेवतो, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, अपमानापेक्षा भीती मोठी होती. घरात पगार माझा एकटीचा. पुढचे चार दिवस मी एकही अक्षर वाचलं नाही. खोक्याकडे नजर गेली तरी लगेच बाणाकडे वळवायची. मुतारीत जाताना चष्मा बाहेर ठेवायचे, तरी आत मान वर करवत नव्हती.

पाचव्या दिवशी सोनाळ्याच्या दुकानाची मागणी आली. सोनाळा माझं माहेर. कपाशीवरच्या अळीचं औषध, सहा खोकी. बाण आला, खूण आली. मी पहिलं खोकं उचललं आणि हात थांबला. जड लागलं. अळीच्या औषधाच्या बाटल्या लहान, त्या खुळखुळतात. हे आतून डुचमळत होतं. कोणीतरी गाडी उतरवताना रिकामी जागा बघून दुसराच माल तिथे लावला होता. चष्मा रॅकची पट्टी वाचतो, खोकं नाही वाचत.

मी चष्मा काढला. बोट ठेवलं. त... ण... ना... श... क.

साहेब आले. चष्मा लाव म्हणाले. मी तो हातातच ठेवला; आजूबाजूच्या बाया काम थांबवून बघत होत्या.

"साहेब, हे तणनाशक आहे. कपाशीच्या पऱ्हाटीवर गेलं तं उभी पऱ्हाटी जळते. वाचल्याशिवाय मी खोकं उचलत नाही."

त्यांनी खोकं फिरवून पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही. मग मी विचारलं, हा माल इथे कधी लावला? शोभाताई खाली बघत म्हणाली, "चार दिवस झाले, बाई."

चार दिवस. मी न वाचलेले, खोक्याच्या वजनाकडेही लक्ष न दिलेले चार दिवस. या रॅकवरून किती खोकी मी उचलली, कोणत्या गावाला गेली, मला माहीत नाही. चष्म्याला माहीत आहे. त्याच्यात माझे हात टिपलेले आहेत.

मी साहेबांना म्हटलं, माझं बोट दाखवलं त्याच पडद्यावर ते चार दिवस दाखवा. ते म्हणाले, आधी घरी जा, उद्या बघू.

उद्या काम सुरू व्हायच्या आधीच मी फाटकाशी उभी राहणार आहे. भीती गेलेली नाही. पण ते तणनाशक गेलेल्या प्रत्येक दुकानाचं नाव मला हवं. ते मी सगळ्यांसमोर वाचणार, मोठ्याने, बोट ठेवून.