काकीचं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही, जिवाभावाच्या मैत्रिणींना माहीत नाही. आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, तिच्यासमोर तर मी — थांबा, तिथवर येतेच. आधी मला जरा भांडू द्या.

टीव्हीवरचा देवाधर्माचा माणूस कधी नीट बघितलाय तुम्ही? दोनच साचे. एक ती सोशिक सून, जिच्या डोळ्यांत पाणी आलं की देवळातल्या घंटा आपोआप वाजतात. दुसरी सासू — कपाळभर कुंकू, हातात जपमाळ, आणि आरती संपली रे संपली की दुधात विष. अरे, मधलं कुणी नाहीच का? दिवा लावून कंपनीत कामाच्या पाळीवर जाणारी, उपासाच्या दिवशी शेजारणीशी कचाकचा भांडणारी, देवावर चार दिवस रुसून बसणारी — आमच्या मुळशीत घरटी एक सापडेल. पण वाहिनीच्या थंडगार खोल्यांत बसलेल्यांना ती दिसत नाहीत. दिसली तर चालत नाहीत. उदबत्ती लावणारी बाई एक तर देवी नाही तर चेटकीण! डोकं फिरतं माझं.

हे सगळं मी भाषणांतून बोलते. लोक टाळ्या वाजवतात. ताई, आमच्या मनातलं बोललात, म्हणतात.

आणि मी कोण? मालिकांचे संवाद लिहिणारी बाई.

मी मुळशीतल्या माले गावची. मी रांगत होते तेव्हाच आई गेली. चुलतीनं वाढवलं. काकीनं. आमच्या भातखाचराच्या कडेला देवी आहे — शेंदूर लावलेला एक दगड, वर गंजका पत्रा, बाकी काही नाही. तिन्हीसांजेला काकी तिथं दिवा लावायची आणि हात जोडून म्हणायची, ‘‘आई, मी हाय गं. तू नीज आता.’’ रोज. लहानपणी मी विचारलं, देवीला झोपायला कशाला सांगतेस? तर म्हणाली, ‘‘दिसभर समद्या गावाचं बघती ती. तिचं कोन बघनार?’’

मागणं नाही, नवस नाही. कधी ताप आला तरी पदर बांधून जायची आणि तेवढं सांगून यायची.

मी लिहीत होते त्या मालिकेत एक सासू होती — हो, तीच, साच्यातली. एका भागात ती सुनेचं तान्हं बाळ पळवते. त्याआधी अंगावर काटा येईल असं काहीतरी द्या, एवढंच वाहिनीनं सांगितलं होतं. काहीतरी. काकीचं वाक्य कुणी मागितलं होतं का? कुणीही नाही. मी दिलं. सासू देवघराचा पडदा ओढते, गालात हसते आणि म्हणते — ‘‘आई, मी हाय गं. तू नीज आता.’’ मग पाळण्याकडं वळते. बोलीसकट दिलं मी ते, एक अक्षर न बदलता. वाचून दाखवलं तेव्हा सगळे ‘काय भारी!’ म्हणाले. लाज वाटली का मला? छे. मान ताठ झाली होती माझी.

वाक्य गाजलं. पोरासोरांनी मोबाइलवर रील केली. पौडच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, जिथं तिथं तेच. मालेत तर ते कुणाचं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकी दिवा घेऊन निघाली की मागून आरोळ्या सुरू. मग एका बारशाला गेली. गावातली निम्मी पोरं तिनंच न्हाऊमाखू घातलेली, म्हणून हक्कानं बाळ घ्यायला हात पुढं केले — तर बाळाची आई हसत म्हणाली, ‘‘नगं बया काकी, तुमी देवीला झोपवाल आन् पोर पळवाल!’’ सगळ्या बाया खिदळल्या. काकीही हसली म्हणे. घुगऱ्या न घेताच घरी आली.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ‘‘पोरी, ते तू लिवलंस व्हय गं?’’

आणि मी म्हणाले — नाही काकी, तो भाग दुसऱ्यानं लिहिला.

जीभ अडखळली नाही माझी. ती म्हणाली, ‘‘मला ठावं हुतं. तू कशाला असं करशील?’’ मग गावात जो जो माझं नाव घेईल त्याच्याशी ती भांडत सुटली. माझ्यासाठी! आणि मी? मी ‘वाहिन्यांनी श्रद्धाळू माणसाची विटंबना चालवलीय’ म्हणून भाषणं देत सुटले. आवाज चढवून. कुणावर चढवत होते तो आवाज?

गेल्या महिन्यात मालेला गेले होते. तिन्हीसांजेला तिच्यासोबत खाचराकडं गेले. तिनं दिवा लावला, हात जोडले — आणि तोंड मिटूनच वळली.

‘‘काही म्हणाली नाहीस?’’ मी विचारलं. विचारायची हिंमत झाली माझी, बघा.

‘‘म्हनायला गेलं की ती टीव्हीतली बाईच डोळ्यांम्होरं येती गं. देवी येतच न्हाई. मग सोडलं.’’

बांधावरून परत निघालो. ती मागं, मी पुढं बॅटरी धरून. थोडं चालल्यावर म्हणाली, ‘‘तो लिवनारा भेटतो का गं तुला?’’

‘‘भेटतो.’’

‘‘त्याला वाकडं बोलू नगंस. त्याला आई नसंल बघ.’’

‘‘व्हय काकी, नसंल,’’ मी म्हणाले, आणि तिला नीट दिसावं म्हणून बॅटरी मागं वळवून धरली.