सलग वाजणारा आवाज

वरसे गावात आमच्या घरामागे शोषखड्डा खणायला एक मजूर आला होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. खणण्याआधी त्याने जमिनीतलं लोखंड शोधायचं नवं मशीन काढलं.

“पयले दोन दिवस मीच वाजत होतो,” असं म्हणत त्याने हातातलं कडं काढून कुंपणाला अडकवलं.

मशीन टिकटिकलं की तो हसायचा. “खिळा हाय.”

मग सलग आवाज सुरू झाला आणि त्याचं हसू गेलं. आवाजामागे अनवाणी चालत तो थेट माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी थांबला.

“पाईप हाय. जुन्या केमिकल कंपनीचा असंल.”

“आत काय असेल?”

“ते मशीन नाय सांगत,” पहार अलगद खाली ठेवत तो म्हणाला. “वैनी, शेगडी पेटलेली हाय का?”

आजही काडी ओढण्याआधी मी पायाखाली बघते.