अर्धी दाढी

त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत असेल तर शपथ. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तो जन्मभर एकच गोष्ट सांगत आला, “मान सरळ.” म्हणून त्याचं नाव पडलं मानसरळ. शाळेत जाणारं पोर असो, निवृत्त साहेब असो, नाहीतर भाडं मागायला येऊन दाढी करून जाणारा दुकानाचा मालक असो, मान सरळ झाल्याशिवाय ह्याची कात्री हलायची नाही. स्वतः ताडमाड उंच. दुकानाच्या दारातून आत येताना डोकं वाकवायचा, तेवढंच काय ते त्याचं वाकणं.

त्याची बायको म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनी. दुकानातले टॉवेल धुणं, वाळवणं, घड्या घालून कपाटात रचणं हे खातं त्यांचं. टॉवेल द्यायला म्हणून त्या दिवसातून दोनतीनदा दुकानात यायच्या आणि टॉवेल सोडून बाकी सगळ्यावर नजर टाकून जायच्या.

समोरच्या फुटपाथवर दुसरं सलून होतं. त्याच्या मालकाच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणून तो चकचकीत. आठवड्यातले सहा दिवस हे दोघे एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे. रस्त्याच्या ह्या बाजूने त्या बाजूला टोमणे जायचे, उत्तरं यायची. सातव्या दिवशी दोन्ही दुकानं बंद, आणि त्या दिवशी मात्र ह्याने त्याची दाढी करायची, त्याने ह्याची. आपल्या तोंडाला आपण वस्तरा लावायचा नाही, हा दोघांनी ऐन उमेदीत घातलेला नियम. भांडण झालं, अबोला झाला, तरी तो मोडला नाही. अबोल्यात एकदा महिनाभर दोघे एक शब्द न बोलता एकमेकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवत होते. ह्याला मैत्री म्हणायची की आणखी काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

मग मानसरळचं पोट दुखायला लागलं, आणि तपासण्यांच्या शेवटी आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढून टाकलं, पोटावर उभी शिवण आली. पुढे महिनोन्महिने औषधं चालली. केस विरळ झाले तेव्हा चकचकीत म्हणाला, “आता कुठे माझ्या बरोबरीला यायला लागलास.” मानसरळला हसता येत नव्हतं, शिवण ओढायची. तरी तो हसला आणि मग त्याबद्दल चकचकीतला शिव्या दिल्या.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही आठवडे पोटावर ताण देऊ नका. डॉक्टर बोलून गेले आणि वहिनींनी त्याचा कायदा केला. भरलेली बादली बंद. वरच्या फळीवरचा डबा बंद. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा वहिनींची नजर खुर्चीवर गेली. सलूनची खुर्ची वर चढवायला खाली एक दांडी असते, ती पायाने पुन्हापुन्हा दाबावी लागते. म्हणजे पोटावर ताण. वहिनींनी खुर्ची अगदी खाली उतरवली, जुन्या टॉवेलची पट्टी फाडली आणि दांडी खुर्चीच्या खांबाला आवळून बांधून टाकली. वर दोन गाठी मारल्या.

“हिला हात लावाल तर बघा,” त्या म्हणाल्या.

“हात नाही, पाय लावतात तिला,” मानसरळ म्हणाला. पण लावला मात्र नाही.

आठवडे गेले, महिने गेले. कायदा करणं सोपं, तो उठवायचा कुणी? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि वहिनींचं तर सगळंच पोळलं होतं. गाठ तशीच राहिली.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मुंगी मध्येच मागे वळली तर? मानसरळची भूक परत आली, वजन भरलं, शिवण बुजली आणि मग पोटात पुन्हा काहीतरी ओढायला लागलं. सकाळी नसायचं. दुपारनंतर बेंबीच्या डावीकडे सुरू व्हायचं. आतून कुणी दोरा धरून खेचावा तसं. संध्याकाळी तो गल्ल्याला टेकून उभा राहायचा आणि एक हात ॲप्रनच्या आत असायचा.

“काय होतंय?” वहिनी विचारायच्या.

“काही नाही. गॅस.”

“मग पुढची तपासणी?”

“जाऊ की. सध्या गर्दी आहे.”

गर्दी कसली, दुपारभर माश्या यायच्या. पण वहिनींनीही तो विषय ताणला नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही तारीख नकोच होती. तपासणी झाली नाही तोवर काही निघालेलं नाही, असं त्या मनाला समजावत होत्या. तो दुखणं लपवत होता, त्या बघितलेलं लपवत होत्या. एका घरात दोन माणसं एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हती आणि जेवताना भाजीत मीठ किती ह्यावर बोलत होती. वहिनींना रात्री झोप लागायची नाही, आणि सकाळी त्या धुतलेलेच टॉवेल पुन्हा धुवायच्या.

अशातच तो सुट्टीचा दिवस आला. मानसरळ नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून चकचकीतच्या दुकानात गेला. वहिनी टॉवेल घेऊन मागोमाग गेल्या, कारण चकचकीतचे टॉवेल त्यांना कधीच पुरेसे स्वच्छ वाटले नव्हते.

चकचकीतने साबण लावला, खुर्चीची पाठ मागे पाडली. “टेक.”

मानसरळ टेकला आणि ताबडतोब उठून बसला. “अशीच कर.”

“बसल्या बसल्या? तुझा गळा काय मला दिसणार आहे? टेक मागे.”

“सांगितलं ना, अशीच कर.”

 चकचकीतने डावा गाल केला, सावकाश, नेहमीच्या हाताने. मग वस्तरा पुसला, मिटला आणि खिशात टाकला.

“झाली.”

“अर्धी राहिली!”

“राहू दे. तुझा हात मघापासून पोटावर आहे. मागच्या खेपेलाही होता. त्याच्याही मागच्या खेपेला होता. मी टकला आहे, आंधळा नाही. तपासणी करून ये, उरलेली करतो.”

“मी घरी करीन माझी मी.”

“कर की. वस्तरा आहे, आरसा आहे. फक्त मग ह्या दुकानाची पायरी चढायची नाही. आणि माझी दाढी मी करीन माझी मी.”

मानसरळने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. वहिनी हातात टॉवेलची चळत घेऊन उभ्या होत्या. 

“मला भीती वाटते हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाटते तेवढीच वाटते. पण आता नाही सहन होत. उद्या जायचं.”

मानसरळने आरशातल्या आपल्या अर्ध्या फेसाकडे पाहिलं. मग त्याने तो फेस स्वतःच टॉवेलने पुसला आणि म्हणाला, “बरं.”

उद्या गेलं म्हणून उद्याच होत नाही. रक्त एका दिवशी, पोटाचा स्कॅन दुसऱ्या दिवशी, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटायचं पुढच्या आठवड्यात. तोवर मानसरळ तोंडाला मास्क लावून दुकानात उभा राहिला. डावीकडची दाढी वाढत होती, पण उजवीकडची आठवडाभराने थोरली होती, ती काही धाकटीला गाठू देत नव्हती. मास्क घसरला की गिऱ्हाईक आरशात बघून खदखदायचं. “मास्तर, अर्ध्या दरात केली का कुणी?” मानसरळ म्हणायचा, “मान सरळ.” आणि दुपार झाली की हात ॲप्रनच्या आत जायचाच.

डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. वहिनी बसल्या, पण नुसत्या टोकावर. डॉक्टरांनी आधी दाढीकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे, मग पुन्हा दाढीकडे.

“छान आहे,” ते म्हणाले. आणि कुणी दाढीबद्दल समजू नये म्हणून लगेच पुढे म्हणाले, “स्कॅन स्वच्छ आहे. रक्तही. आजार कुठेही दिसत नाही.”

जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो पडतानाचा आवाज वहिनींना त्या क्षणी ऐकू आला असावा. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि ह्यातलं काय थांबवावं हे त्यांना कळेना.  मानसरळ मात्र जवळजवळ रागाने म्हणाला, “मग दुखतं ते काय खोटं?”

“खोटं कोण म्हणतंय?” डॉक्टर म्हणाले. “पोट उघडलं, आतडं कापलं, पुन्हा जोडलं. वरची शिवण बुजली म्हणजे आत सगळं पहिल्यासारखं झालं असं नसतं. आतला भाग एकमेकांना थोडा चिकटतो, तो ओढतो. कापलेल्या नसा हळूहळू जाग्या होतात. त्यात तुम्ही पोट घट्ट आवळून वावरता. दुखणं खरं आहे. फक्त ते ज्याचं आहे असं तुम्हाला वाटत होतं, त्याचं नाही.”

अचानक जोराची कळ आली, उलट्या झाल्या, पोट फुगून साफ व्हायचं थांबलं, तर मात्र गॅस म्हणून अंगावर काढायचं नाही, तडक यायचं, हेही त्यांनी दोनदा बजावलं. आणि मग दोघांना खालच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं.

ताई मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पोट तपासलं, श्वास घ्यायला लावला, चालून दाखवा म्हणाल्या. मग विचारलं, “दिवसभर काम काय करता? मला करून दाखवा.” आणि स्वतःच एका बुटक्या स्टुलावर बसल्या. मानसरळ त्यांच्या मागे उभा राहिला. सवयीने म्हणाला, “मान सरळ.” आणि वाकला. पाठ कमानीसारखी, पोट मुडपलेलं, डोकं ताईंच्या कानाशी.

“थांबा, तसेच थांबा,” ताई म्हणाल्या. “स्टूल बुटकं आहे म्हणून वाकलात, की दुकानातही असंच?”

“असंच.”

“खुर्ची वर नाही होत?”

मानसरळ वाकलेलाच राहिला.  खुर्ची वर होते, असं म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार हे त्याला कळलं होतं.

वहिनींना मात्र सगळं एकदम दिसलं. रोज दोनतीनदा त्या दुकानात जात होत्या. आपला ताडमाड नवरा खुर्चीवर दुमडलेला बघत होत्या आणि आजाराने वाकला, आजाराने वाकला म्हणून घरी येऊन रडत होत्या.

“होते हो वर,” त्या म्हणाल्या. “मी बांधून ठेवलीय. मी.”

ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. “सगळं त्या खुर्चीमुळे नाही,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीला तुम्ही केलं ते बरोबरच होतं. पण आता गाठ सोडा. खुर्ची वर घ्या, ताठ उभं राहून काम करू द्या, मधे मधे चालू द्या. दुखणं एका दिवसात जायचं नाही. कदाचित थोडं राहीलही. त्याच्यासोबत राहायला जमतं.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वहिनी म्हणाल्या, “तुम्ही सोडायची होती ना ती गाठ. एवढं दुखत होतं तर.”

“तू बांधली होतीस,” मानसरळ म्हणाला. “मला वाटलं, ही गाठ आहे तोवर तुला जरा झोप लागते.”

 वहिनींना झोप लागत नव्हतीच, पण ते आता सांगून उपयोग नव्हता.

दुकानात आल्यावर त्या पिशवी न ठेवता खाली बसल्या. साबणाच्या पाण्याने आणि केसांनी गाठ दगडासारखी झाली होती. मानसरळने कात्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. नखांनी, मग दातांनी, पहिली सुटली, मग दुसरी. मानसरळने दांडीवर पाय ठेवला आणि दाबला. पोटात ओढलं. त्याने थांबून वाट पाहिली. ओढ आली तशी ओसरली. पुन्हा दाबला. खुर्ची कुरकुरली आणि वर चढायला लागली.

“मान सरळ,” वहिनी म्हणाल्या.

मग तो दाढीचा हिशेब पुरा करायला रस्ता ओलांडून गेला. जाताना रस्त्याच्या मधूनच ओरडला, “स्वच्छ निघालं रे, टकल्या!” समोर चकचकीत पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागला, आणि त्याला ते बराच वेळ सापडलं नाही.

वहिनी घरी गेल्या. भांडी घासली, टॉवेल वाळत घातले, दोन माणसांना दोनदा तीच बातमी सांगितली. हे अजून आले कसे नाहीत म्हणून त्या चकचकीतच्या दुकानाशी आल्या आणि काचेतून पाहिलं.

मानसरळ खुर्चीत आडवा होता. पाठ पार मागे पडलेली, तोंडावर पांढरा टॉवेल, दोन्ही हात खुर्चीच्या दोन बाजूंना लोंबकळत. हलत नव्हता.

वहिनींनी दोन्ही हातांनी दार ढकललं.  आत चकचकीत गिऱ्हाइकांच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. त्याने घाईने ओठांवर बोट ठेवलं. आणि तेवढ्यात टॉवेलखालून एक लांबलचक, कर्कश, बेशरम घोरणं बाहेर आलं.

वहिनी बाकावर बसल्या. ऑपरेशन झाल्यापासून नवऱ्याला उताणं झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. झोपेतही एक हात पोटावर असायचा. आज दोन्ही हात कुठेतरी भलतीकडेच होते.

“दार आतून लावून घ्या, वहिनी,” चकचकीत कुजबुजला. “अजून अर्धीच झालीय. पण झोपू दे.”