सुजयचा सात नंबर

मृणाली पुण्याची नोकरी सोडून मांडवीत परत आली ती जेटीवरचा मासळीच्या लिलावाचा फळा चालवायला. लिलाववाल्याने फोनवर भाव टाकला की मोठ्या पडद्यावर दिसला पाहिजे, एवढंच काम. आणि एवढंच होत नव्हतं.

"गो मृणाली," मच्छीविक्रेत्या बायकांच्या संस्थेच्या अध्यक्ष आवडाबाईंचा फोन. "भावाच्या जागी काळोख, नि खाली हवामानाच्या ओळीत काय लिवलंय? 'वारा नैऋत्येचा, सुरमई सहाशे'! पाऊस पडायचा की सुरमई?"

"बघते, मावशी."

"कालपण बघतच होतीस. आज संध्याकाळी भाव नाय दिसले तर फळा उतरवते. मग पुण्याला जाऊन बघत बस."

मृणालीने लॅपटॉप सुजयकडे वळवला. तो तिचा कामातला जोडीदार, आणि आवडाबाईंचा सख्खा भाचा.

"पडद्याशी जोडतो तो प्रोग्राम वेगळा. भाव घेतो तो वेगळा. मग ह्या दुसऱ्याला पडदा सापडतो कसा?" तिने विचारलं.

"पहिल्याला जोडणीचा नंबर मिळतो ना, सात. तो मी फायलीत लिहून दुसऱ्याला दिला."

"दिला? असाच?"

"का? बर्फाच्या कारखान्यात आमच्या बोटीचा नंबर सांगून मी जातो, बाबा जातात, काकी जाते. सगळ्यांना बर्फ मिळतो."

"अरे, तोच नंबर दुसऱ्या बंदरात जाऊन सांग! तिथे सात नंबर भलत्याचीच बोट! हा नंबर ज्या प्रोग्रामला मिळाला त्याच्यापुरताच. दुसऱ्याकडे सात म्हणजे त्याची हवामानाच्या ओळीची फाईल. कालपासून सगळे भाव तिच्यात ओततोयस तू!"

सुजय हळूच म्हणाला, "माझ्या लॅपटॉपवर तर चाललं होतं."

"तेव्हा सगळं एकाच प्रोग्रामात होतं, शहाण्या! आता दुसऱ्याने भाव पहिल्याच्या हातात द्यायचा आणि पडद्याशी पहिल्यानेच बोलायचं. बस आणि लिही. उठलास तर बघ!"

संध्याकाळी लिलाव पुकारला गेला. पडद्यावर सुरमई उमटली, मग पापलेट, मग बांगडा. हवामानात नुसता वारा.

आवडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "चूक कुणाची होती?"

मृणाली पडद्याकडेच बघत राहिली.

"माझी, आत्ये," सुजय पुटपुटला.

"तरी म्हटलं! बर्फ आणायला धाडला, तर शेजारच्या बोटीत टाकून आलेला हा!" त्या मृणालीकडे वळल्या. "फळा राहू दे गो. ह्यालाच सोडून ये पुण्याला."