दरेकशाचं कडं आणि पुण्याचं चुंबक

गोंदियाला उतरले तेव्हाही मोबाइल कानालाच होता. पुण्याहून निघाल्यापासून दरेकशाला दिलेल्या धाकट्या बहिणीला, कुंदाला, फोन लागत नव्हता. तिला झटके येतात. औषधं बदलून झाली, काही उपयोग नाही. मेंदूला ताकद कमी पडत असेल, फॉस्फरसची तपासणी करून बघू, असं पुण्यातले डॉक्टर म्हणाले. त्या यंत्रावर मीच काम करते, म्हणून तिला न्यायला मीच निघाले.

"दरेकशाची गाडी?" मी चहावाल्याला विचारलं.

"लेट है मैडम. आरामसे चाय पिओ."

आराम कसला! दोन घोटांत जीभ पोळून घेतली. सालेकसा सोडल्यावर डोंगर जवळ आले, पिवळ्या पडत चाललेल्या धानामागे जंगल दिसू लागलं. एरवी मी खिडकी सोडली नसती. त्या दिवशी फक्त फोन दाबत बसले.

कुंदा दारातच उभी होती, हसत. "मोबाइल बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यात) पडला ना, ताई! काऊन एवढी घाबरून राहिली?"

मेली! तिला मिठी मारली आणि तिच्या मनगटावरचं काहीतरी माझ्या मानेला गार लागलं. जाड लोखंडी कडं, सांधा नसलेलं. गावच्या लोहारानं हातावरच ठोकून बंद केलेलं. झटके पूर्ण थांबेपर्यंत ते काढायचं नाही, अशी इथली रीत. आमचं यंत्र म्हणजे प्रचंड चुंबक. लोखंड घालून आत पाऊलही टाकता येत नाही.

जेवायला चिन्नोरचा भात (इथला सुवासिक तांदूळ) आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. जेवता जेवता तपासणी म्हणजे काय, ते समजावलं. मेंदूच्या पेशी आपली शक्ती फॉस्फरसच्या रसायनांत साठवतात. यंत्र बाहेरूनच त्यांचा अंदाज घेऊन आलेख काढतं. सुई नाही, कापाकापी नाही.

"धानाले टाकतो तेच फासफेट?" कुंदाच्या सासऱ्यांनी विचारलं. "माती तपासाले नेतो तसं?"

"तसंच, काका. फक्त माती उकरायची नाही. पण हे कडं कापावं लागेल."

कुंदाच्या सासूबाईंच्या, म्हणजे मावशींच्या, हातातली पळी थांबली. "कडं घातलं तवापासून झटके कमी हायेत. काढलं आन् वाटेत आला तं? तू थांबवशील?"

आलेखात काही दिसेलच, याची हमी माझ्याकडेही नव्हती. लोहारकाकांना बोलावलं, तर ते करवत घेऊन अंगणातच बसले. "मावशीनं म्हणल्याबिगर मी हात लावत नाई."

शेवटी कुंदाच बोलली. "आई, मले माह्याच डोक्याचा भेव वाटते. एकदा पाहू द्या ना."

मावशींनी मानेनंच हो म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. कडं कापेपर्यंत वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनवर सोडायला आल्या आणि आमच्या मागोमाग डब्यात चढल्या. पिशवी नाही, काही नाही. गोंदियापलीकडे ही बाई कधी गेलेली नाही.

"मावशी, उतरा! गाडी सुटेल."

"सुटू दे." त्यांनी कुंदाचं रिकामं मनगट मुठीत धरलं. "कडं नाई तं मी हावो. तुह्या मशीनमंदी मले हात धरू देतील का?"

"नातेवाइकाला बसता येतं. पण अंगावर धातूचं काही चालत नाही."

मावशी खाली वाकल्या आणि एका हातानं पायातली जोडवी ओढू लागल्या. लग्नापासून काढली नव्हती, बोटांत रुतली होती. दुसऱ्या हातानं धरलेलं मनगट काही सोडलं नाही.

आता पुण्यात पोचलो आहोत, वाटेत झटका आला नाही. उद्या तपासणी. आलेखात काय निघेल, ठाऊक नाही. "अंगावरचं सगळं काढून ठेवा," असं मी रोज कितीतरी लोकांना सहज सांगते. उद्या ते माझ्या तोंडून निघेल की नाही, कोण जाणे.